छोट्या क्लबमध्ये रॉक बँड ऐकायला पहिल्यांदा जाताना

तिकिटावर रात्री आठची वेळ होती, म्हणून मी पावणेआठलाच मुंबईतल्या एका क्लबच्या दारात जाऊन उभा राहिलो. आत चार वेटर, टेबले भिंतीकडे सरकवणारा एक मुलगा आणि मंचावर एकच ड्रम पुन्हा पुन्हा वाजवणारा ड्रमर, एवढीच मंडळी होती. ज्या बँडसाठी मी डोंबिवलीहून गेलो होतो तो सव्वाअकराला मंचावर आला आणि चौथे गाणे सुरू असताना शेवटच्या गाडीच्या धाकाने मला निघावे लागले. नाटकाला तिसरी घंटा होते, संगीत सभेच्या पत्रिकेवर कलाकारांचा क्रम छापलेला असतो. क्लबमधल्या कार्यक्रमाचेही सगळे ठरलेले असते, पण ते नवख्याला कोणी सांगत नाही. ते आधीच कळावे म्हणून हा लेख लिहिला आहे. उदाहरणे मुंबई-पुण्याची आहेत, कारण माझे जाणे-येणे तिथलेच आहे.

आधी शब्दांचा थोडा खुलासा करतो. ‘इंडी’ हे इंडिपेंडंटचे लघुरूप आहे. मोठ्या संगीत कंपनीच्या पैशांवर न विसंबता जे स्वतःची गाणी लिहितात, स्वतःच्या खर्चाने रेकॉर्ड करतात आणि वाजवत फिरतात, ते इंडी बँड. आपल्याकडे या शब्दाला आणखी एक छटा आहे: हे लोक सिनेमाची गाणी वाजवत नाहीत. त्यामुळे ऑर्केस्ट्राला जाण्याच्या तयारीने, म्हणजे ओळखीची गाणी ऐकायला मिळतील या अपेक्षेने गेलात, तर पहिला अर्धा तास चुकल्याचुकल्यासारखे वाटेल. कार्यक्रमाला सगळे ‘गिग’ म्हणतात आणि एका बँडने सलग वाजवलेल्या गाण्यांना ‘सेट’ म्हणतात. बाकीचे शब्द ओघाने येतील.

हे सगळे छोट्या, बंद जागेत आणि रात्री उशिरा का चालते, याला कारण आहे. मुंबईत रॉकचे मोठे घर धोबी तलावचे रंग भवन हे खुले नाट्यगृह होते. १९८६ साली सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव तिथे गाजला. पण शेजारी रुग्णालय आणि महाविद्यालय असल्याने तो परिसर शांतता क्षेत्रात गेला आणि ध्वनिवर्धकाचे कार्यक्रम तिथून उठले. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही, बंदिस्त जागेला मात्र सवलत आहे. त्यामुळे ज्यांना दहानंतर वाजवायचे त्यांना छप्पर आणि दार लागते. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात २००७ साली ब्लू फ्रॉग हा क्लब उघडला आणि २०१६ साली बंद झाला. त्याच आवारात पुढे खारहून अँटीसोशल हा क्लब आला. ज्या गिरणगावाने शाहिरांना आणि लोकनाट्याला प्रेक्षक दिले, त्याच भागात आता गिटार वाजते. योगायोग असेल, पण तिथल्या दगडी भिंतींजवळून जाताना मला दर वेळी त्याची आठवण होते. पुण्यात कोरेगाव पार्कच्या हाय स्पिरिट्स या क्लबने अनेक बँडना पहिला मंच दिला, आणि २०१० साली एनएच७ वीकेंडर हा महोत्सव सुरू झाला तोही पुण्यातच.

आता कामाला लागू.

बँड निवडताना ‘सर्वांत प्रसिद्ध कोण’ हा प्रश्न बाजूला ठेवावा. कोणत्या क्लबमध्ये पुढच्या पंधरा दिवसांत कोण वाजवणार आहे हे क्लबच्या इन्स्टाग्रामवर असते. तिथल्या तीन-चार नावांची दोन-दोन गाणी घरी ऐकावीत आणि ज्याचे एक गाणे दुसऱ्यांदा लावावेसे वाटेल त्याच्याकडे जावे. रॉक हे एक मोठे छत्र आहे. चेन्नईचा द एफ१६स, दिल्लीचा पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी, बंगळूरचा १९९६ पासून वाजवणारा थर्मल अँड अ क्वार्टर, किंवा वॉरन मेंडोन्सा यांचा गिटारप्रधान ब्लॅकस्ट्रॅटब्लूज यांचे सूर एकमेकांशी फारसे जुळत नाहीत. शिवाय पोस्टरवर ‘मेटल’ किंवा ‘हार्डकोर’ हे रॉकचे जास्त आक्रमक प्रकार लिहिले असतील तर पहिल्या खेपेला विचार करून जावे. संगीत वाईट म्हणून नव्हे, तर पुढच्या रांगांमध्ये धक्काबुक्की हा तिथला रिवाज असतो म्हणून. गाणी आधी ऐकण्याचा फायदा असा, की प्रत्यक्षात शब्द नीट कळले नाहीत तरी गाणे ओळखता येते.

तिकीट बुकमायशो, डिस्ट्रिक्ट किंवा स्किलबॉक्सवर मिळते. ते काढताना किमतीखालचा बारीक मजकूर संपूर्ण वाचावा, कारण सगळी भांडणे तिथेच जन्मतात. ‘कव्हर’ असे लिहिले असेल तर तिकिटाची रक्कम, सगळी किंवा काही, खाण्यापिण्याच्या बिलातून वळती होते. ‘एंट्री ओन्ली’ असेल तर होत नाही. उभ्याने ऐकायचा कार्यक्रम आहे की टेबले आहेत, हेही तिथेच असते. वयाची अट हमखास पाहावी. महाराष्ट्रात बीअर-वाइनला २१ आणि बाकी मद्याला २५ वर्षांची अट असल्यामुळे बहुतेक क्लब २१ वर्षांखालच्यांना संध्याकाळनंतर आत घेत नाहीत, मग तुम्ही फक्त लिंबूपाणी पिणार असलात तरी. ओळखपत्र मूळ न्यावे. फोटोतले आधार कार्ड काही दारांवर चालते, काही दारांवर चालत नाही, आणि दारावरच्या माणसाशी वाद घालून आजवर कोणी आत गेल्याचे मी पाहिलेले नाही. मद्य न पिणाऱ्याला तिथे अवघडल्यासारखे होईल का, असे मला अनेकदा विचारतात. कोणी ढुंकूनही पाहत नाही.

ओळखीतून ‘गेस्टलिस्ट’वर नाव घालून फुकट जाण्याचा मोह टाळावा, हे माझे स्पष्ट मत आहे. छोट्या क्लबमध्ये बँडला कधी ठरलेले मानधन मिळते आणि कधी दारावरच्या तिकिटांतला वाटा. दुसऱ्या प्रकारात शंभर माणसांच्या खोलीत वीस जण फुकट आले, तर चौघा-पाच जणांच्या बँडला परतीच्या टॅक्सीचे भाडे सुटणेही कठीण होते.

सोबत न्यायची सर्वांत महत्त्वाची वस्तू औषधाच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळते आणि तीच सगळे विसरतात. ती म्हणजे कानात घालायचे फोमचे बोळे, म्हणजे इअरप्लग. माझ्या दुसऱ्याच गिगला मी स्पीकरपासून हातभर अंतरावर तासभर उभा राहिलो आणि नंतर दोन दिवस कानात रातकिडे ओरडत होते. घरच्यांनी हाक मारली तरी ती पाण्याखालून आल्यासारखी वाटे. त्यानंतर मी हा हिशेब शिकलो. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत कानाला सोसतो असे धरले जाते, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा, आणि १०० डेसिबलला फक्त पाव तास. बंद खोलीतला ड्रम आणि गिटारचा अँप्लिफायर शंभरच्या घरात सहज जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा जागांसाठी जी मर्यादा सुचवली, ती पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबल हीच आहे, आणि क्लबने प्रेक्षकांना इअरप्लग उपलब्ध करून द्यावेत असेही त्यात सांगितले आहे. आपल्याकडे ते स्वतःच नेलेले बरे.

बोळा घालण्याचीही एक रीत आहे, आणि ती चुकली तर तो अर्धवट बसून काहीच उपयोग होत नाही. स्वच्छ बोटांनी बोळा वळून वातीसारखा बारीक करावा. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची वरची कड वर आणि मागे ओढावी, म्हणजे कानाची वळणदार नळी सरळ होते. मग वात आत सरकवून वीस-तीस सेकंद बोट तसेच टेकवून ठेवावे. फोम फुगून बसल्याचे कळते, कारण आजूबाजूचा कलकलाट हळूहळू दूर जातो. फोम वरचे सूर जास्त अडवतो, त्यामुळे आवाज जरा घोंगडीखालून आल्यासारखा लागतो. गिगला वरचेवर जायचे ठरले, तर संगीतकारांसाठीचे फिल्टरचे प्लग मिळतात, ते सगळे सूर साधारण सारखे कमी करतात. कोणी ‘काय आजोबांसारखे’ म्हणून हसले तर मंचाकडे बोट दाखवावे; ड्रमरच्या कानात काही ना काही असतेच.

बाकी सामान कमीत कमी असावे. बॅग दारात तपासली जाते आणि बाहेरचे खाणे, पाण्याची बाटली, डिओडरंट, लायटर काढून ठेवले जाते. पायात बंद बूट हवेत, कारण गर्दीत कोणाचा तरी पाय तुमच्या पायावर पडणारच. कपडे कोणतेही चालतात. सुरुवातीला रिकाम्या खोलीत एसी बोचतो आणि दहानंतर त्याच खोलीत घाम फुटतो, एवढे लक्षात ठेवून अंगावर एकावर एक दोन हलके कपडे घालावेत. पावसाळ्यात ओली छत्री हातात धरून तीन तास काढण्यापेक्षा घडीचा रेनकोट बरा.

वेळेबद्दल सांगायचे, तर तिकिटावरची वेळ ही दार उघडण्याची असते. पहिला बँड त्यानंतर तासाभराने सुरू होतो, मुख्य बँड शेवटी येतो, आणि दोघांच्या मध्ये मंच बदलण्यासाठी पंधरा-वीस मिनिटे जातात. नेमक्या वेळा कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी बँडच्या इन्स्टाग्राम स्टोरीवर बहुतेक वेळा दिसतात. दिसल्या नाहीत तर संदेश पाठवून विचारावे. छोटे बँड स्वतःच उत्तर देतात, यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. पण ‘मुख्य बँड सव्वाअकराला, तर आपण अकराला जाऊ’ असा हिशेब करू नये. आधी वाजवणाऱ्याला ‘ओपनर’ म्हणतात. त्यांच्यासमोर बऱ्याचदा तीसच माणसे असतात, तेव्हा तुम्ही एकतिसावे असणे मंचावरून सरळ दिसते. मला आज आवडणाऱ्या बँडपैकी निम्मे मी दुसऱ्याच कोणासाठी गेलो असताना ओपनर म्हणून ऐकले.

आता उभे कुठे राहायचे, हा खरा प्रश्न. सभागृहात तुमची खुर्ची ठरलेली असते. इथे चार पावले इकडेतिकडे झाली की कार्यक्रमच बदलतो, आणि याचे कारण ध्वनी दोन वाटांनी येतो. ड्रम आणि गिटारचे अँप्लिफायर मंचावरच असतात आणि छोट्या खोलीत त्यांचा आवाज थेट तुमच्यापर्यंत पोहोचतो. गायकाचा आवाज मात्र जवळजवळ संपूर्णपणे पीए म्हणजे मुख्य स्पीकरमधून येतो, आणि ते स्पीकर मंचाच्या दोन्ही कडांना, थोडे पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून असतात. परिणामी अगदी पहिल्या रांगेत मधोमध उभे राहणाऱ्याच्या अंगावर झांजा आणि गिटार कोसळतात, आणि गाण्याचे शब्द त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून जातात. ‘गायक कळतच नव्हता’ अशी तक्रार करणारे बहुधा तिथेच उभे असतात. कोपऱ्यात आणि मागच्या भिंतीला टेकून राहिल्यास उलटा प्रकार होतो. भिंतीजवळ खर्जाचे सूर साठतात, बास गिटार फुगते आणि सगळे गढूळ ऐकू येते.

म्हणून आत शिरल्यावर आधी साउंड इंजिनिअर शोधावा. खोलीच्या मध्यापासून जरा मागे, बटणांनी भरलेल्या मिक्सरपुढे, बहुधा काळ्या टीशर्टमध्ये आणि मंचावरून नजर न काढणारा एक माणूस दिसेल. तो स्वतःच्या कानांना जे ऐकू येते त्यावरून सगळा तोल साधतो, म्हणजे खोलीतला सर्वांत चांगला आवाज त्याच्या आसपास असणार. त्याच्यापुढे दोन-तीन पावलांवर, पण त्याची नजर अडणार नाही असे जरा बाजूला उभे राहावे. त्याच्या मिक्सरवर ग्लास ठेवणे हा अक्षम्य गुन्हा समजावा.

पहिली दोन गाणी वाईट वाजली तर बँडवर लगेच फुली मारू नये. साउंडचेक, म्हणजे आवाजाची आधी केलेली जुळवणी, संध्याकाळी रिकाम्या खोलीत होतो. माणसांची शरीरे आणि कपडे वरचे सूर शोषतात, त्यामुळे खोली भरली की तोच आवाज वेगळा होतो आणि इंजिनिअरला सगळे पुन्हा जुळवावे लागते. याच वेळी मंचावर पाहण्यासारखे काही चालते. गिटारवादक गाता गाता पायाजवळच्या तिरक्या स्पीकरकडे बोट दाखवतो आणि अंगठा वर करतो. नवख्याला वाटते की तो खूश होऊन प्रेक्षकांना खूण करत आहे, आणि प्रेक्षकही ओरडून दाद देतात. प्रत्यक्षात तो इंजिनिअरला सांगत असतो की माझ्या मॉनिटरमध्ये, म्हणजे या पायाजवळच्या स्पीकरमध्ये, माझा आवाज वाढव, मला माझेच गाणे ऐकू येत नाही.

पुढच्या रांगेचे सुख अर्थात वेगळेच आहे, आणि एक-दोन गाण्यांपुरते ते घ्यावे. मंच जेमतेम गुडघ्याएवढा असतो. गिटारवादकाच्या बुटापुढे गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलची पेटी, तिच्या शेजारी काळ्या पट्टीने जमिनीला चिकटवलेला गाण्यांच्या क्रमाचा कागद, म्हणजे सेटलिस्ट, त्यावर एका गाण्याच्या नावावर ऐनवेळी मारलेली रेघ, हे सगळे तिथूनच दिसते. मंचाच्या कडेवर ग्लास ठेवू नये. एक धक्का लागला तर ते पाणी विजेच्या जोडणीत जाते.

वागण्याचे नियम फारसे नाहीत. आपल्या बैठकीत ऐन आलापात ‘क्या बात है’ म्हटले तर गवई खुलतो; इथे हळुवार गाणे चालू असताना एखाद्याचे बोलणे माइकपर्यंत पोहोचते. दाद गाणे संपल्यावर, आणि तेव्हा मात्र मोकळेपणाने द्यावी. गप्पा मारायच्याच असतील तर बारजवळ जाव्यात. मोबाइलवर एखादे गाणे टिपायला हरकत नाही, फ्लॅश बंद ठेवून आणि हात छातीपाशी ठेवून, कारण मागच्याला तुमचा पडदा नको, बँड पाहायचा असतो. सिनेमातल्या किंवा दुसऱ्या बँडच्या गाण्याची फर्माईश करू नये. शेवटी मात्र ‘वन्स मोअर’ बिनदिक्कत ओरडावे. नाट्यसंगीताने आपल्याला दिलेली ती सवय इथे बरोबर चालते. फरक एवढाच, की नाटकात झालेले पदच पुन्हा म्हणतात आणि इथे बहुधा एखादे राखून ठेवलेले गाणे येते.

गर्दीत पुढे मोकळे रिंगण पडून लोक एकमेकांवर आदळू लागले, तर त्याला ‘मॉश पिट’ म्हणतात. नको असेल तर दोन पावले मागे, भिंतीच्या बाजूला सरकावे. रिंगणात कोणी पडला तर सगळ्यांनी थांबून त्याला उचलायचे, हा तिथला पहिला नियम आहे आणि तो सहसा पाळला जातो. एकट्याने, एकटीने गेले तरी चालते. माझी एक भाची कायम एकटीच जाते आणि इंजिनिअरच्या शेजारी उभी राहते, कारण तिथे उजेड असतो आणि जबाबदार माणूस असतो. कोणी त्रास दिला तर गर्दीत समजावत बसू नये. बारवरच्या किंवा दारावरच्या कर्मचाऱ्याला लगेच सांगावे, आणि त्याने दुर्लक्ष केले तर ११२ वर फोन करावा.

सेट संपल्यावर दिवे लागतात आणि निम्मी माणसे दाराकडे धावतात. तुम्ही पाच मिनिटे थांबा. दाराजवळच्या एखाद्या टेबलावर टीशर्ट, स्टिकर, क्वचित कॅसेट किंवा रेकॉर्ड मांडलेली असते. या विक्रीच्या सामानाला ‘मर्च’ म्हणतात, आणि विकणारी व्यक्ती बऱ्याचदा दहा मिनिटांपूर्वी बास वाजवणारीच असते. गाणे ऑनलाइन हजार वेळा ऐकून बँडला जे मिळत नाही, ते एका टीशर्टातून मिळते. काही घ्यायचे नसेल तरी कोणते गाणे आवडले एवढे जाऊन सांगावे. ज्या क्षणी ते तारा गुंडाळत असतात तेव्हा मात्र नको. पुढच्या बँडसाठी किंवा क्लबच्या बंद होण्याच्या वेळेसाठी मंच रिकामा करून द्यायचा असतो आणि ड्रमचा संच सुटा करायला वेळ लागतो. जमिनीवरची सेटलिस्ट हवी असेल तर विचारून घ्यावी, ते आनंदाने देतात.

परतीचा बंदोबस्त घरून निघतानाच करावा. पुण्यात दुचाकी किंवा रिक्षा हाताशी असते, पण मुंबईत रात्री साधारण एकच्या सुमारास लोकल थांबतात आणि पहाटे चारनंतर सुरू होतात; मधल्या वेळात टॅक्सीचे भाडे गिगच्या तिकिटाच्या दुप्पट होऊ शकते. मथुरादास मिलच्या आवारातून पश्चिम रेल्वेसाठी लोअर परळ आणि मध्य रेल्वेसाठी करी रोड अशी दोन्ही स्थानके चालत जाण्याजोगी आहेत, मात्र दोन्हीकडे फक्त धीम्या गाड्या थांबतात. एम-इंडिकेटर या अ‍ॅपवर शेवटच्या गाडीची वेळ दुपारीच पाहून ठेवावी, तिच्या आधीची गाडी आपली समजावी, आणि त्या गाडीच्या अर्धा तास आधीचा गजर फोनवर लावून फोन कंपनावर ठेवून खिशात टाकावा, कारण त्या आवाजात घंटी ऐकू येणार नाही.